हरूनही गुण जात नाहीत तेव्हा

१८ डिसेंबर २०२२ ला कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक उचलला. चौथ्या दिवशी, २२ डिसेंबरला, फिफाने पुरुषांच्या संघांची जागतिक क्रमवारी जाहीर केली आणि तिच्यात पहिल्या जागेवर होता ब्राझील. उपांत्यपूर्व फेरीत क्रोएशियाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरून घरी परतलेला ब्राझील. त्याचे गुण १८४०.७७, जगज्जेत्या अर्जेंटिनाचे १८३८.३८. दोघांत अडीच गुणांचंही अंतर नव्हतं.

तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: जो जिंकला तो दुसरा कसा? मला तो प्रश्न तितकासा पटला नव्हता. क्रमवारी म्हणजे काही करंडकाची पावती नव्हे. गेल्या काही वर्षांत कोण सातत्याने कसं खेळलं याचं ते मोजमाप आहे. बेल्जियमने विश्वचषकही जिंकलेला नाही आणि युरो ही युरोपच्या देशांची मुख्य स्पर्धाही नाही, तरी सप्टेंबर २०१८ पासून मार्च २०२२ पर्यंत तो पहिला होता. त्यात गैर काही नाही. तरीही तो अडीच गुणांचा फरक डोक्यातून जाईना. शेवटी वही घेऊन बसलो आणि ब्राझील आणि अर्जेंटिनाचे त्या स्पर्धेतले सामने एकेक करून मांडले. त्या वहीत जे दिसलं त्यामुळे हा लेख लिहितो आहे.

आधी पद्धत समजून घेऊ, कारण ती वाटते तेवढी अवघड नाही. ऑगस्ट २०१८ पासून फिफा वापरते ती पद्धत मुळात बुद्धिबळातली. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती बुद्धिबळपटूंसाठी बसवली. कल्पना अशी की प्रत्येक संघाच्या खात्यात काही गुण असतात. सामना सुरू होण्याआधी दोघांच्या गुणांतल्या फरकावरून कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरतं. दोघे बरोबरीचे असतील तर दोघांची अपेक्षा ०.५०. एकाचे गुण जास्त असतील तर त्याची अपेक्षा ०.६०, ०.७०, ०.८० अशी चढत जाते. सामना संपल्यावर जिंकणाऱ्याला १, बरोबरीला ०.५, हरणाऱ्याला ०. या प्रत्यक्ष निकालातून अपेक्षा वजा करायची, उरलेल्या आकड्याला सामन्याच्या महत्त्वाने गुणायचं आणि येईल ते खात्यात जमा करायचं किंवा खात्यातून काढायचं. महत्त्वाचे आकडे ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या तारखांच्या बाहेरच्या मैत्रीपूर्ण सामन्याला ५, त्या तारखांतल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १०, खंडातल्या देशांच्या नेशन्स लीगच्या साखळीला १५, पात्रता फेरीला २५, खंडाच्या मुख्य स्पर्धेला ३५ आणि तिच्या उपांत्यपूर्व फेरीपासून ४०. विश्वचषकाला ५० आणि उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे ६०.

एक सामना जवळून पाहू. त्याच विश्वचषकात अर्जेंटिना आपला पहिला सामना सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. स्पर्धेआधी अर्जेंटिनाचे गुण साधारण १७७४ होते आणि सौदीचे १४३८. फरक ३३६. सूत्रात घातलं की अर्जेंटिनाची अपेक्षा येते ०.७८ च्या आसपास. निकाल ०. साखळीतला विश्वचषकाचा सामना, म्हणून गुणायचं ५० ने. एका दुपारीत अर्जेंटिनाचे ३९ गुण गेले आणि तेच ३९ सौदीच्या खात्यात आले. एलोच्या मूळ पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. एकाचं जातं तेच दुसऱ्याला मिळतं, मधल्या मध्ये काही हरवत नाही आणि हवेतून काही येत नाही.

आता ब्राझील आणि क्रोएशियाचा सामना. तो १२० मिनिटांनंतर १-१ असा बरोबरीत होता आणि शूटआउटमध्ये क्रोएशिया जिंकला. फिफाच्या नियमानुसार शूटआउट जिंकणाऱ्याला ०.७५ आणि हरणाऱ्याला बरोबरीइतकेच, म्हणजे ०.५. ब्राझीलची अपेक्षा ०.६७ च्या आसपास होती. म्हणजे ०.५ मधून ०.६७ वजा, गुणिले ६०. ब्राझीलचे साधारण १० गुण जायला हवे होते. किती गेले? शून्य.

कारण फिफाच्या नियमांत एक कलम आहे: मुख्य स्पर्धांच्या बाद फेरीत संघाचे गुण कमी होणार नाहीत. जिंकलात तर वाढतील, हरलात तर जागच्या जागी राहतील. ते १० गुण वजा झाले असते तर ब्राझील १८३० च्या आसपास उतरला असता आणि अर्जेंटिना पहिला आला असता. त्या महिन्याचा जगातला पहिला क्रमांक मैदानावरच्या निकालापेक्षा या कलमाने जास्त ठरवला.

मी या कलमाच्या विरोधात आहे. ते काढून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याआधी हे सांगायला हवं की क्रमवारीची एवढी काळजी कशाला करायची. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापायची यादी एवढंच तिचं काम असतं तर मी वही उघडली नसती. विश्वचषकाच्या सोडतीत कोण कुठल्या पॉटमध्ये, म्हणजे ताकदीनुसार केलेल्या कुठल्या विभागात, बसणार हे क्रमवारी ठरवते, म्हणजे कोणाच्या गटात कोणता बलाढ्य संघ येणार हेही तीच ठरवते. २०२६ च्या विश्वचषकाच्या सोडतीत तर पहिल्या चार क्रमांकांचे संघ मुद्दाम वेगवेगळ्या भागांत ठेवले, म्हणजे आपापला गट जिंकत गेले तर पहिला आणि दुसरा अंतिम सामन्याआधी समोरासमोर येणार नाहीत. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडूला कामाचा परवाना देताना त्याच्या देशाचा क्रमांक पाहिला जातो. तोच खेळाडू, तेच कौशल्य, पण देश खाली असेल तर दार उघडणं अवघड. ज्या यादीवर एवढं अवलंबून आहे ती खेळाच्या नियमांइतकीच काटेकोर असायला हवी.

आणि हिशेबात फट राहिली की संघ ती शोधतात, याचा पुरावा जुन्या पद्धतीनेच दिला आहे. जुलै २००६ पासून २०१८ पर्यंत फिफा बेरीज-वजाबाकीऐवजी सरासरी काढत होती. विजयाचे ३ गुण, त्यांना सामन्याच्या महत्त्वाने गुणायचं (मैत्रीपूर्णला १, पात्रता फेरीला २.५, खंडाच्या मुख्य स्पर्धेला ३, विश्वचषकाला ४), मग प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकावरून ठरलेल्या आकड्याने, मग खंडाच्या वजनाने. पहिल्या क्रमांकाच्या संघाचा आकडा २००. म्हणजे जगातल्या पहिल्या संघाला मैत्रीपूर्ण सामन्यात हरवलं तरी जास्तीत जास्त ६०० गुण. आता एखाद्या संघाची वर्षभरातल्या नऊ सामन्यांची सरासरी ९०० आहे असं धरा. तो दहावा सामना खेळतो, मैत्रीपूर्ण, आणि जगात पहिला असलेल्या संघाला हरवतो. त्याची सरासरी होते ८७०. जगातल्या सर्वोत्तम संघाला हरवून तो खाली जातो!

पोलंडने हे गणित नीट ओळखलं. २०१८ च्या विश्वचषकाच्या सोडतीसाठी ऑक्टोबर २०१७ ची क्रमवारी धरली जाणार होती. त्याआधी जवळपास वर्षभर पोलंड एकही मैत्रीपूर्ण सामना खेळला नाही. त्या क्रमवारीत तो सहावा होता. पहिल्या पॉटमध्ये यजमान रशिया आणि वरचे सात संघ, त्यांत पोलंड. आठव्या क्रमांकावरचा स्पेन दुसऱ्या पॉटमध्ये ढकलला गेला. पुढे पोलंड आपल्या गटात तळाला राहिला, सेनेगल आणि कोलंबियाकडून हरून. मी पोलंडला नावं ठेवणार नाही. नियम त्यांनी मोडला नव्हता, फक्त वाचला होता. पण ज्या मोजमापात न खेळणं हा शहाणपणा ठरतो ते मोजमाप खेळाचं राहत नाही.

जुलै २०१५ ची गोष्ट त्याहून बोचरी आहे. २०१८ च्या युरोपातल्या पात्रता फेरीची सोडत त्या महिन्याच्या क्रमवारीवर झाली. वेल्स आणि रोमानिया पहिल्या पॉटमध्ये, इटली दुसऱ्या. इटली स्पेनच्या गटात पडला, गटात दुसरा आला, प्लेऑफमध्ये स्वीडनकडून हरला आणि १९५८ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला मुकला. इटलीच्या त्या संघात उणिवा होत्याच, सगळा दोष सोडतीवर टाकता येणार नाही. पण सरासरीच्या हिशेबाने रचलेल्या पॉटमुळे वाट अवघड झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

यजमानांची दुसरी तऱ्हा. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही, म्हणजे वर्षानुवर्षं बहुतेक मैत्रीपूर्ण सामनेच, १ ने गुणलेले. जून २०१३ मध्ये ब्राझील चक्क २२ व्या क्रमांकावर घसरला होता, आणि त्याच महिन्यात त्याने स्पेनला अंतिम सामन्यात ३-० ने हरवून कॉन्फेडरेशन्स कप जिंकला.

म्हणून २०१८ मध्ये फिफाने ही पद्धत टाकून एलोची पद्धत घेतली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. महिलांच्या संघांसाठी तर २००३ पासूनच, म्हणजे पंधरा वर्षं आधीपासून, एलोवर आधारलेली पद्धत चालू होती. नव्या पद्धतीत मैत्रीपूर्ण विजयाने कधीच नुकसान होत नाही. खंडाचं वजन गेलं, जे मला फार खटकायचं. जुन्या सूत्रात युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघांचं वजन १ किंवा त्याच्या अगदी जवळ, आणि बाकीच्यांचं ०.८५ पर्यंत खाली. आशियातल्या किंवा आफ्रिकेतल्या दोन संघांनी कितीही सुंदर सामना खेळला तरी तो आधीच कमी किमतीचा ठरलेला. हे गेलं ते फार बरं झालं. (मात्र जाताना ते सावली ठेवून गेलं. नव्या पद्धतीची सुरुवात जून २०१८ च्या जुन्या क्रमवारीवरून केली: जर्मनीला १६०० आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाला ४ गुण कमी. जुना पक्षपात असा नव्या खात्यांत पहिली शिल्लक म्हणून आला.)

इतकी चांगली पद्धत घेतली आणि मग तिच्यातच बाद फेरीचं कवच घातलं, याचं मला वाईट वाटतं. कवचाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, आणि तो फालतू नाही. जो संघ पात्रच ठरला नाही त्याचे गुण जागच्या जागी राहतात, आणि जो कष्टाने बाद फेरीपर्यंत पोहोचला तो एका पराभवाने खाली यावा हा अन्याय आहे, असं ते म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. पण आकडे घेऊन बसलं की ते टिकत नाही. बाद फेरीत आलेला छोटा संघ मोठ्याकडून हरला तर एलोच्या हिशेबात त्याचं फारसं जातच नाही, कारण त्याच्याकडून अपेक्षाच कमी होती. ०.२० अपेक्षा असलेला संघ विश्वचषकाच्या पहिल्या बाद सामन्यात हरला तर १० गुण जातील, आणि तिथवर येताना साखळीत त्याने त्याहून जास्त कमावलेले असण्याचीच शक्यता मोठी. कवचाचा खरा फायदा होतो तो बलाढ्य संघाला, जो आपल्यापेक्षा कमी गुणांच्या संघाकडून हरतो. म्हणजे छोट्यांच्या नावाने आणलेलं संरक्षण मोठ्यांच्या अंगावर चढलं आहे.

त्यातली विसंगती तर डोळ्यांवर येणारी आहे. अर्जेंटिना सौदीकडून साखळीत हरला तर ३९ गुण गेले. हाच पराभव बाद फेरीत झाला असता तर एकही गेला नसता. ब्राझील त्याच स्पर्धेत साखळीत कॅमेरूनकडून हरला, तिथेही ४० च्या आसपास गेले, आणि आठवड्याभराने क्रोएशियासमोर काहीच गेलं नाही. उपांत्यपूर्व फेरीपासूनचा सामना जास्त महत्त्वाचा म्हणून त्याला ६० ने गुणायचं आणि मग तिथला पराभव मात्र झालाच नाही असं समजायचं, हे दोन्ही एकाच नियमावलीत कसं बसतं?

आणि याहून मोठी अडचण आहे. जिंकणाऱ्याला गुण द्यायचे आणि हरणाऱ्याचे काढायचे नाहीत म्हटलं की गुण हवेतून तयार होतात. शूटआउटच्या नियमातही तेच: ०.७५ आणि ०.५ मिळून सव्वा होतात, एक नव्हे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शूटआउट झालं की १५ गुण कुणाकडूनही न घेता जगात येतात. हे नवे गुण सगळ्यांना सारखे वाटले जात नाहीत, जिथे बाद सामने जास्त तिथे ते जास्त साचतात. आफ्रिकन नेशन्स कप दर दोन वर्षांनी होत आला आहे. २०१९ पासून त्यात २४ संघ, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा सामना धरून १६ बाद सामने. युरो चार वर्षांतून एकदा, १५ बाद सामने. दोन्ही खंडांत संघांची संख्या जवळपास सारखी. त्यामुळे चार वर्षांत आफ्रिकेत अशा सामन्यांची संख्या ३२ आणि युरोपात १५. यात आफ्रिकेच्या संघांचा काडीचा दोष नाही, त्यांनी आपली स्पर्धा आपल्या सोयीने भरवावी. पण स्पर्धा किती वेळा भरते यावरून कुठल्या खंडात गुण वाढतात हे ठरू नये. संघ मुख्यतः आपापल्या खंडातच खेळतात, त्यामुळे तिथे आलेला गुण तिथेच फिरत राहतो. युरोपात २०१८ च्या सप्टेंबरमध्ये नेशन्स लीग सुरू झाल्यापासून बाहेरच्या खंडांशी होणारे मैत्रीपूर्ण सामने आणखी कमी झाले. चार वर्षांतून एकदा विश्वचषकात सगळे एकत्र येतात. तोच एक प्रसंग जिथे खंडाखंडांची पातळी एकमेकांशी ताडून पाहता येते, आणि नेमक्या तिथल्या बाद फेरीत आपण अर्धे निकाल पुसून टाकतो.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की याला अर्जेंटिना वर आणायचा आहे. माझ्या मते १२० मिनिटं बरोबरीत संपलेला सामना क्रमवारीसाठी बरोबरीच धरावा, दोघांनाही ०.५. शूटआउट पुढच्या फेरीत कोण जाणार हे ठरवण्यासाठी आहे. अर्जेंटिनाने नेदरलँड्सला आणि फ्रान्सला, दोघांनाही शूटआउटमध्ये हरवलं. माझा नियम लावला तर अर्जेंटिनाचे या दोन सामन्यांतले ३० गुण कमी होतात. कवच काढल्याने ब्राझीलचे जाणारे १० धरले तरी त्या डिसेंबरात ब्राझीलच पहिला राहतो. मला ते मान्य आहे. पहिला कोण आला यापेक्षा तो कसा आला हे मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटचा मुद्दा घरच्या मैदानाचा. पुरुषांच्या आजच्या सूत्रात सामना कुठे झाला याला काहीच किंमत नाही. स्वतःच्या प्रेक्षकांसमोर खेळणं आणि विमानाने दहा तास उडून, झोप मोडून, दुसऱ्याच्या मैदानावर उतरणं यांत फरक आहे हे फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. फिफालाही ते ठाऊक आहे. १९९९ ते २००६ च्या पद्धतीत बाहेर खेळणाऱ्याला जादा गुण होते. महिलांच्या क्रमवारीत घरच्या संघाचे गुण हिशेबापुरते १०० ने वाढवून धरण्याची तरतूद आहे, ज्यामुळे बरोबरीच्या दोन संघांत यजमानाची अपेक्षा ०.५० वरून ०.६४ वर जाते. ती ०.६४ ची अपेक्षा इथे लावून पाहा. बरोबरीच्या दोन संघांचा मैत्रीपूर्ण सामना, महत्त्व १०. आज जिंकणाऱ्या यजमानाला ५ गुण मिळतात, मिळायला हवेत ३.६. पाहुणा जिंकला तरी त्याला ५ च मिळतात, हवेत ६.४. बरोबरी झाली तर दोघांनाही शून्य, खरं तर पाहुण्याने १.४ कमावले.

पात्रता फेरीत घर आणि बाहेर दोन्ही सामने होतात, त्यामुळे फरक भरून निघतो, असं यावर उत्तर मिळतं. पात्रता फेरीपुरतं ते खरं आहे. मैत्रीपूर्ण सामन्यांत काही भरून निघत नाही. ज्या फुटबॉल संघटनेकडे पैसा आहे ती पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम उचलते, मानधन देते आणि वर्षभर घरीच खेळते. जिच्याकडे नाही तिचे खेळाडू सामना मिळावा म्हणून दुसऱ्याच्या दारात जातात. असे दहा सामने घरी खेळणाऱ्याला सरासरीने १४ गुण फुकट मिळतात, आणि १४ गुण म्हणजे क्रमवारीच्या मधल्या भागात कित्येक पायऱ्या. स्पर्धेच्या यजमानाचंही तसंच: विश्वचषकाच्या साखळीत बरोबरीच्या संघाविरुद्ध प्रत्येक सामन्याला सरासरी ७ गुणांची मदत. गोल किती फरकाने मारले हे मात्र पुरुषांच्या सूत्रात धरत नाहीत, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. दुबळ्या संघावर आठवा, नववा गोल चढवायला कोणालाही बक्षीस नको.

मी जे मागतो आहे त्यासाठी नवी पद्धत शोधावी लागणार नाही. एलोचं सूत्र तसंच ठेवून तीनच दुरुस्त्या पुरतील: बाद फेरीतली वजाबाकी पुन्हा चालू करायची, शूटआउटला बरोबरी धरायची आणि घरच्या मैदानाची तरतूद महिलांच्या क्रमवारीतून उचलून इथे आणायची. ऑगस्ट २०१८ पासूनचा प्रत्येक सामना, त्याचा निकाल, जागा आणि तारीख फिफाकडे आहे. या तीन दुरुस्त्यांसह तो सगळा हिशेब पुन्हा करून फिफाने अधिकृत यादीच्या शेजारी एकदा छापावा, म्हणजे कुठला संघ कशामुळे वर आहे आणि कशामुळे खाली, हे प्रत्येक देशाच्या संघटनेला पुढच्या सोडतीआधी पाहता येईल.